गाडी मधेच ‘मिसिंग’ मारते? खर्च करण्याआधी ‘केव्हा मारते’ ते पाहा

चंद्रपूर/गडचिरोली : मोटारसायकल चालता चालता झटके मारते, दोन किलोमीटर बरी चालते, पुन्हा दम सोडते. मेकॅनिककडे नेली की मात्र एकदम सुरळीत! मग अंदाजाने कार्बोरेटर खोलला जातो, पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते. मूल-चंद्रपूर किंवा आलापल्ली-भामरागडसारख्या जंगलातल्या रस्त्यावर सायंकाळी गाडी बंद पडली तर ती नुसती गैरसोय नसते. वाघ-अस्वलाची भीती असते आणि कित्येक ठिकाणी मोबाईलला टॉवरही नसतो.

इंजिनला हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी लागते. यातले एक जरी क्षणभर चुकले की मिसिंग होते. काय चुकते, हे गाडी केव्हा मिसिंग मारते त्यावरून बरेचसे कळते.

पावसात किंवा धुतल्यावर : प्लगची कॅप आणि वायर पाहा. कॅपमध्ये पाणी शिरले किंवा वायरला चीर पडली की ठिणगी बाहेरच उडते. इंजिन बंद करून कॅप काढा, कोरड्या फडक्याने पुसा, घट्ट बसवा.

गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू : कॉइल किंवा पिकअप कॉइलवर संशय घ्या. हे मेकॅनिककडून गरम इंजिनवरच तपासून घ्या.

काही किलोमीटर गेल्यावर पेट्रोल संपल्यासारखी : टाकीचे झाकण उघडून पाहा. ‘फुस्स’ आवाज येऊन गाडी पुन्हा चालली तर झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजलेले असू शकते.

खड्ड्यात किंवा हँडल वळवताना : वायर ढिली असते किंवा आतून तुटलेली असते. बॅटरीचे टोक आणि चावीच्या स्विचची वायरही पाहा. उंदीर वायर कुरतडतात, हेही विसरू नका.

पेट्रोल भरल्यावर लगेच : पेट्रोलमध्ये पाणी असू शकते. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते. म्हणून पावसाळ्यात बाटलीतले जुने पेट्रोल टाळा.

प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट ओला काळा असेल तर इंजिन ऑइल जळत असावे. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा इंजिन तापते. प्लग मात्र इंजिन थंड झाल्यावरच काढा. उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी तपासू नका.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांपैकी बहुतेकांना कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. मीटरवर इंजिनचा दिवा पेटला तर स्कॅनर लावून बिघाड पाहावा लागतो. तिथे स्वतः पाना घालू नका. बॅटरी कमजोर असली तरी पेट्रोल पंपाला पुरेसा करंट मिळत नाही.

एक सोपे काम करा. गाडी केव्हा, किती किलोमीटरवर आणि कशात मिसिंग मारते, हे चार दिवस मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मेकॅनिकला ‘गाडी बिघडली’ सांगण्यापेक्षा ही नोंद दाखवा, अर्धे काम तिथेच होते. आणि मिसिंग सुरू असताना दिवस मावळल्यावर जंगलाच्या रस्त्याला एकट्याने लागू नका.