ट्रेमोलो ब्रिज व डी-ट्यूना : तानपुऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

तंतुवाद्याची एक तार उतरविणे ही क्रिया वरकरणी साधी वाटते. २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या मिरजेच्या तानपुऱ्यावर ती नित्य घडते. मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागासाठी पहिली तार पंचमावरून शुद्ध मध्यमावर आणली जाते. इलेक्ट्रिक गिटारची सहावी, सर्वांत जाड तार ‘ई’वरून ‘डी’वर आणणे ही तत्त्वतः तीच क्रिया होय, दोहोंतील स्वरांतर सुमारे ९:८ आहे.

तारेची लांबी व जाडी कायम असता तिचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वारंवारता ८२.४ हर्ट्‌झवरून ७३.४ हर्ट्‌झवर आली की ताण सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. तानपुऱ्यातही घट जवळजवळ तेवढीच असते. तथापि तेथे घोडी तबलीवर स्थिर असल्याने अन्य तारा फारशा ढळत नाहीत.

फ्लॉइड रोज पद्धतीच्या तरंगत्या ट्रेमोलो ब्रिजची रचना भिन्न आहे. एका बाजूस तारा व दुसऱ्या बाजूस गिटारच्या पाठीतील स्प्रिंगा यांच्या समतोलावर तो उभा असतो. एका तारेचा ताण घटताच स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात व उर्वरित पाच तारा चढतात. शिवाय तारा नटपाशी आवळलेल्या असल्याने खुंट्या पिळून स्वर बदलता येत नाही.

एडी व्हॅन हेलन यांच्या नावाशी निगडित ‘डी-ट्यूना’ हे उपकरण खुंट्यांची ही अडचण दूर करते. ब्रिजवर सहावी तार आवळणारा लांब स्क्रू काढून त्या जागी ते बसवितात. बाहेर ओढल्यास ‘डी’ व आत सारल्यास ‘ई’ मिळतो. मात्र समतोलाचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी ब्रिजखालील धातूच्या ठोकळ्याच्या मानेकडील बाजूस नेमक्या मापाची लाकडी पट्टी बसवून स्प्रिंगांचा ताण तारांपेक्षा किंचित अधिक ठेवावा लागतो. त्यामुळे ब्रिज मागे सरकत नाही. दांडी दाबून स्वर उतरविता येतो. दांडी ओढून स्वर चढविण्याची सोय मात्र गमवावी लागते.

सारांश, पट्टीविना बसविलेले उपकरण सदोष भासते. वस्तुतः दोष उपकरणाचा नसून अस्थिर आधाराचा असतो. घोडीच्या स्थैर्यामुळे तानपुऱ्यास जे सहज लाभते, ते तरंगत्या ब्रिजवर एका सोयीचा त्याग करूनच मिळवावे लागते.