मतपत्रिकेवर नसलेला पक्ष

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एप्रिलमध्ये मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडते, तिच्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी फक्त उमेदवारांची नावं छापलेली असतात. पक्ष नाही, चिन्ह नाही. नावाशेजारचा लंबगोल काळा केला की मत झालं. शाळामंडळाचे आणि स्थानिक कारभाराचे उमेदवारही याच कागदावर असतात आणि तेही बिनपक्षाचे. १ एप्रिल २०२५ रोजी या कागदावर सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमल ही दोन नावं होती. त्या एका जागेसाठी दहा कोटी डॉलरांहून जास्त पैसा ओतला गेला. अमेरिकेत न्यायाधीशपदाची इतकी महागडी निवडणूक त्याआधी कधी झाली नव्हती.

आपल्याकडे न्यायाधीश मतं मागत नाहीत. तिकडे ५०पैकी ३८ राज्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना कोणत्या ना कोणत्या रूपात मतदारांसमोर जावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरांतल्या पक्षदादांचा जाच वाढला, तेव्हा सुधारकांनी न्यायालयं आणि स्थानिक संस्था पक्षांपासून सोडवायचा आग्रह धरला. आज डझनाहून अधिक राज्यांत न्यायमूर्तींची निवडणूक पक्षाच्या नावाशिवाय होते. हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही. ग्रामपंचायतीला गावात पॅनल उभी राहतात, पक्षाचं चिन्ह कुणालाच नसतं आणि निकाल लागला की प्रत्येक पक्ष आपले सरपंच मोजून दाखवतो. फरक इतकाच की विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सात खुर्च्यांवर साऱ्या राज्याची सत्ता टांगलेली असते.

ती कशी, हे दोन निकालांवरून कळतं. मतदारसंघ पक्षाच्या सोयीनं कापले तरी संघराज्याच्या न्यायालयांना त्यात पडता येणार नाही, असं वॉशिंग्टनमधल्या, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये सांगितलं. २०२२मध्ये त्याच न्यायालयानं गर्भपाताचा प्रश्न राज्यांवर सोपवला. दोन्ही भांडणं राज्यांच्या न्यायालयांत येऊन पडली आणि तिथं कोण बसतं याची किंमत एकदम वाढली.

विस्कॉन्सिनमध्ये दोन्ही पक्षांची ताकद जवळपास सारखी. तरी २०२२मध्ये विधानसभेच्या ९९पैकी ६४ जागा रिपब्लिकनांच्या होत्या. एप्रिल २०२३मध्ये जॅनेट प्रोटासिविच न्यायालयावर निवडून आल्या. मतदारसंघांचे हे नकाशे लबाडीचे आहेत, असं त्या प्रचारातच बोलल्या होत्या. डेमोक्रॅटिक पक्षाकडून त्यांना सुमारे एक कोटी डॉलर मिळाले होते. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. पक्षांनी उमेदवाराला हवा तेवढा पैसा द्यावा, ही मुभा रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहानं २०१५मध्येच दिली होती. आता प्रोटासिविच यांनी नकाशांच्या खटल्यातून बाजूला व्हावं, नाहीतर महाभियोग चालवू, असं रिपब्लिकन नेते म्हणू लागले. त्या बाजूला झाल्या नाहीत. डिसेंबर २०२३मध्ये न्यायालयानं ४ विरुद्ध ३ मतांनी नकाशे रद्द केले. २०२४मध्ये नव्या नकाशांवर मतदान झालं आणि रिपब्लिकनांच्या जागा ५४वर आल्या. जुलै २०२५मध्ये गर्भपातबंदीचा १८४९चा कायदाही याच न्यायालयानं ४ विरुद्ध ३नं निकालात काढला.

न्यायालयाच्या या ताकदीसाठीच एप्रिल २०२५च्या निवडणुकीत इलॉन मस्क यांनी आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी रिपब्लिकन पाठबळाच्या शिमल यांच्यासाठी दोन कोटी डॉलरांहून जास्त खर्च केला. मतदानाच्या दोन दिवस आधी ग्रीन बे इथल्या सभेत मस्क यांनी दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरांचे धनादेश दिले. तरी क्रॉफर्ड साधारण दहा टक्क्यांनी जिंकल्या, तेही जिथं पाच महिन्यांपूर्वी ट्रम्प यांची सरशी झाली होती त्या राज्यात.

मग पक्षाचं नाव छापूनच का टाकू नये? ओहायोनं २०२१च्या कायद्यानं तसं केलं. २०२४च्या निवडणुकीनंतर तिथले सातपैकी सहा न्यायमूर्ती रिपब्लिकन आहेत. मला हा उपाय पटत नाही. विस्कॉन्सिनच्याच न्यायालयावर ब्रायन हॅगडॉर्न २०१९मध्ये रिपब्लिकन पाठबळावर जेमतेम सहा हजार मतांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी अध्यक्षीय निकाल उलथवण्यासाठी ट्रम्प यांनी दावा लावला, तेव्हा तो फेटाळणारं चौथं आणि निर्णायक मत हॅगडॉर्न यांचं होतं. कपाळावर पक्षाचा शिक्का असता तर असं मत देणं त्यांना आणखी जड गेलं असतं.

खरी मेख पैशात आहे. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं एका न्यायमूर्तीच्या निवडीसाठी तीस लाख डॉलर खर्च केले आणि त्याच्या कंपनीचा खटला त्याच न्यायमूर्तीसमोर आला. त्यांनी बाजूला व्हायलाच हवं होतं, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००९मध्ये ठरवलं. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या न्यायालयानं नेमका उलटा नियम केला. केवळ देणगी घेतली म्हणून न्यायमूर्तीला खटला सोडावा लागणार नाही. त्या नियमाचा मसुदा उद्योजकांच्या आणि जमीनजुमल्याच्या व्यावसायिकांच्या संघटनांकडून आला होता. २०१७मध्ये ५४ निवृत्त न्यायाधीशांनी कडक नियमाची मागणी केली. न्यायालयानं ती ५ विरुद्ध २ मतांनी नाकारली. मतपत्रिकेवर पक्ष छापावा की नाही, याहून त्या ५४ जणांचा अर्ज मंजूर होणं कितीतरी जास्त गरजेचं होतं.