व्यायामाचा तुटीचा अर्थसंकल्प

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मैदानावर फेऱ्या मारणाऱ्यांची जी गर्दी उसळते, ती संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंतही टिकत नाही. प्रस्तुत लेखक त्या गर्दीत अनेक वर्षे सामील होता व तिच्याबरोबर नियमितपणे ओसरतही होता. नियमितपणा काय तो तेवढाच!

आपल्या भावी शिस्तीविषयी मनुष्य किती आशावादी असतो, याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. देलाविन्या आणि माल्मेंडिअर यांनी २००६ साली अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सभासदांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. महिना ७० डॉलरांहून अधिक वर्गणी भरणारे हे सभासद तेथे महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच फिरकत. म्हणजे दर खेपेस १७ डॉलरांहून अधिक खर्च. दहा भेटींचा पास घेतला असता तर तो १० डॉलरच पडता. वर्गणी व्यायामाची नव्हती, सद्हेतूची होती.

या सद्हेतूचाच एक उपद्रव असा की, संकल्प पुरा झाला नाही तर तो मोडलाच असे आपण धरून चालतो. रोज दहा हजार पावले चालावे, हा आकडा आज सर्वतोमुखी आहे. परंतु त्याचा उगम १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात आहे. 'दहा हजार पावलांचे मापक' असाच त्या नावाचा अर्थ. तेव्हा सहा हजारांवर थकलेल्या कारकुनाने स्वतःस अपराधी मानण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला खरा. पण थोडी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा बरी, असेही सांगितले आणि सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृद्रोग कमी होतो, असे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखविले. (चालक तरुण वयातही कंबरेने जाड असत, हे गणवेशांच्या मापांवरून पुढे मॉरिस यांनीच नोंदविले. इतका प्रामाणिकपणा संशोधकांत नेहमीच आढळतो असे नाही.) ते वाहक व्यायाम करीत नव्हते, तिकिटे देत होते. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत येथेही लागू पडतो: अगदीच बसून असणाऱ्याची पहिली दहा मिनिटे सर्वांत मोलाची.

हे सारे वर्गात शिकविणे सोपे. गेल्या वर्षी रक्तातील साखरेचा आकडा सीमेवर येऊन ठेपला, तेव्हा सूर्यनमस्कार आरंभिले. संकल्प बारांचा होता. चौथ्याच नमस्कारात साष्टांग स्थितीत छाती जमिनीस टेकेना व पुन्हा उठवेना, तेव्हा कन्येने दारातून विचारले, "बाबा, पलंगाखाली काही गेलंय का?" पूर्वीचा मी ओशाळून चटई गुंडाळली असती. त्या दिवशी मात्र हसू आले. "हो, कंबर गेलीये, सापडते का बघ," असे म्हणून आणखी दोन नमस्कार घातले. एकूण सहा.

तेव्हापासून दैनंदिनीत जमेची व तुटीची बाजू मांडतो. गेल्या महिन्यात सतरा दिवस जमेस आहेत. तेरा दिवस उत्तरपत्रिका, पाहुणे आणि निखळ आळस या तीन शीर्षांखाली खर्ची पडले. तिसऱ्या शीर्षाची रक्कम सर्वांत मोठी आहे. डॉक्टरांनी गोळ्यांचा निर्णय आणखी तीन महिने लांबणीवर टाकला आहे.