हेलिकॉप्टरमधला पंख

‘हेलिकॉप्टर’ हा शब्द कुठे तोडाल? जीभ लगेच ‘हेलि’पाशी थांबते आणि पुढे ‘कॉप्टर’ म्हणते. हा शब्द मुळात जिथे जोडला गेला, तो सांधा मात्र तिथे नाहीच!

1861 साली गुस्ताव्ह द पाँताँ दामेकूर या फ्रेंच सरदाराने आपल्या कल्पनेतल्या उडत्या यंत्रासाठी हे नाव घडवलं. ग्रीक ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्रासारखा वेढा आणि ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख. म्हणजे सांधा ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ यांच्यामध्ये. त्याच्या वाफेवरच्या नमुन्याने जमीन सोडलीच नाही. सिकॉर्स्की या अभियंत्याचं व्हीएस-300 हे हेलिकॉप्टर उडालं ते 1939 मध्ये. यंत्राच्या कितीतरी आधी नाव तयार होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग सांधा हरवला कसा? इंग्रजी जिभेला शब्दाच्या सुरुवातीला ‘प्ट’ पेलवत नाही. ‘टेरोडॅक्टिल’ या प्राचीन उडत्या प्राण्याच्या नावातही हाच ‘प्तेरॉन’ आहे. तिथे स्पेलिंगमध्ये ‘पी’ आहे, पण उच्चारात गायब! हेलिकॉप्टरमधला ‘प’ मात्र वाचला, कारण त्याला मागच्या ‘कॉ’चा आधार मिळाला. म्हणून उच्चार होतो हे-लि-कॉप्-टर, आघात पहिल्या ‘हे’वर. पंखाचा पहिला ध्वनी असा मळसूत्राला जाऊन चिकटला.

आपणही बोलताना ‘कॉप्-टर’ असंच म्हणतो. पण देवनागरीत लिहून पाहा: हे, लि, कॉ, प्ट, र. जोडाक्षराने ‘प’ आणि ‘ट’ यांची ताटातूट होऊ दिली नाही. आपल्या लिपीला ग्रीक ठाऊक असण्याचं कारण नाही, तरी तिच्यात पंख अखंड राहिला!

शिवाय हा पंख आपल्याला परका नाही. ‘प्तेरॉन’ आणि संस्कृत ‘पत्र’ एकाच मुळाचे, आणि ‘पत्र’चा एक अर्थ पंखच आहे. उडणं सांगणाऱ्या ‘पत्’ धातूपासून आपला ‘पतंग’ झाला. इंग्रजी ‘फेदर’ही याच कुळातला.

चुकीच्या जागी तुटलेले तुकडेही वाया गेले नाहीत. ‘हेलि’पासून हेलिपॅड झालं, ‘कॉप्टर’पासून चार पंख्यांचा क्वाडकॉप्टर. त्या ‘कॉप्टर’मध्ये मळसूत्राचं नुसतं शेपूट उरलंय, पंख मात्र सगळा आहे.