वाचकानेही बोलावे!

मी समीक्षक नव्हे. पदरचे पैसे मोजून कादंबऱ्या घेणारा साधा वाचक. त्यामुळे पुरस्कारांचे दडपण न बाळगता चार शब्द बोलतो.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जातो, तर ती रानटी झालेली! बोलीभाषा शहरी वाचकाला सुरुवातीला अडवते. पण नेट धरा. विस्थापन म्हणजे काय, हे ती म्हैस कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा नेमके सांगते.

नंदा खरे यांची ‘उद्या’ (२०१४) भविष्यावरची. माणसांवर सतत पाळत ठेवणारा समाज तिच्यात आहे. माहितीचा भार जड होतो, पात्रे मधूनच लेखकाची मते बोलू लागतात. तरी आज हातातला मोबाईल पाहिला की तीच आठवते. तिला जाहीर झालेला २०२० चा अकादमी पुरस्कार लेखकाने नाकारला होता.

विश्वास पाटील यांची ‘महासम्राट’ मालिका वेगवान आहे, खाली ठेववत नाही. माझी तक्रार आपल्या वाचकांबद्दल आहे. कादंबरीतले संवाद आपण घरोघरी इतिहास म्हणून सांगतो. मुलांना जरूर वाचायला द्या. मात्र ही कादंबरी आहे, हेही सांगा.

न आवडलेल्या पुस्तकाला भिडेखातर ‘छान’ म्हणण्याची आपली सवय वाईट. अशाने चांगल्या पुस्तकाच्या कौतुकालाही किंमत उरत नाही.