डीव्हीडी प्लेअरला चालेल असं करून द्या

साधारण २००४ ते २०१२ या काळात फोटो स्टुडिओ, सायबर कॅफे आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एक वाक्य सतत कानावर पडायचं : ‘हे डीव्हीडी प्लेअरला चालेल असं करून द्या.’ ‘हे’ म्हणजे बारशाचं मोबाइलवरचं शूटिंग, परदेशातून पुतण्याने मेल केलेली क्लिप, नाटकाच्या शेवटच्या प्रयोगाची मिनी-डीव्ही कॅसेट, नाहीतर कुठून उतरवला हे कोणी विचारत नसे असा सिनेमा. फाइल कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालायची. पण घरची मंडळी टीव्हीसमोर बसायची आणि टीव्हीखालचं खोकं ‘नो डिस्क’ म्हणून मोकळं व्हायचं.

खोक्याचा त्यात दोष नव्हता. १९९६च्या नोव्हेंबरात जपानमध्ये पहिले डीव्हीडी प्लेअर विकायला आले, तेव्हाच त्यांचं व्याकरण ठरून गेलं होतं. चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं हवं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. हे सगळं व्हीओबी फायलींत भरायचं, एकेक फाइल एक जीबीच्या आत ठेवायची आणि सोबत वाट दाखवणाऱ्या आयएफओ फायली जोडून ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरात बसवायचं. प्लेअरमधली चिप एवढंच जाणायची. नवा कोडेक, म्हणजे चित्र दाबण्या-उलगडण्याची नवी रीत, टाकून तिला शिकवायची सोय नव्हती. म्हणून फायलीनेच तिच्या भाषेत यायचं.

डीव्हीडी रुळण्याआधी आपल्याकडे व्हीसीडीचं राज्य होतं. तिचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे डीव्हीडीच्या जेमतेम पाव. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावायची. त्यामुळे मध्यंतराला एकाने उठून दुसरी सीडी घालायची, हे ओघानेच आलं. मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा सहा रुपयांच्या फरकासाठी व्हीसीडी घेण्यात अर्थ उरला नाही. प्लेअर घरोघर होतेच. आता त्यांत घालायला घरचं काहीतरी हवं होतं.

इथे डिव्हएक्सचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९९९च्या सुमारास जेरोम रोटा या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकवरची बंधनं काढून तो मोकळा केला. पुढे त्याच नावाने कंपनी निघाली आणि तिला शह म्हणून तेच नाव उलटं लिहून एक्सव्हिड जन्माला आलं. यांच्यामुळे अख्खा सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत बऱ्यापैकी दिसू लागला. एव्हीआय फायलींचा पूर आला तो असा. आणि नेमक्या त्या फायली साध्या डीव्हीडी प्लेअरला अगम्य होत्या.

मग कन्व्हर्टिंग. सुरुवातीला जपानी टीएमपीजीएन्क. त्याच्या फुकट आवृत्तीत एमपेग-२ फक्त तीस दिवस चालायचं, त्यामुळे विंडोज नव्याने टाकायला अनेकांना एक जादा कारण मिळालं. मग निरो, कन्व्हर्टएक्सटूडीव्हीडी आणि फुकटवाल्यांसाठी डीव्हीडी फ्लिक. फ्रान्सच्या फॅब्रिस बेलार्डने २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेगमध्ये तर ‘टार्गेट पाल-डीव्हीडी’ एवढं लिहिलं की सगळे नियम आपोआप लागायचे. ते कमांड लिहून चालवायचं असल्याने दुकानदार मात्र त्याच्या वाटेला फारसे जात नसत. पेंटियम मशिनवर संध्याकाळी काम लावायचं, मॉनिटर बंद करायचा आणि शटर ओढून घरी जायचं. रात्री वीज गेली की सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

खरी कारागिरी हिशेबात होती. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. ते हजाराच्या पटीतलं, त्यामुळे कॉम्प्युटर तेच ४.३८ दाखवतो. ‘डिस्क कमी भरते’ ही तक्रार तिथून आलेली. दोन तासांचं चित्रीकरण असेल तर सेकंदाला साधारण पाच मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्र छान दिसतं. तीन तासांचं नाटक त्याच डिस्कवर बसवायचं तर साडेतीनच्या आत यावं लागतं. एकाच ठिकाणी ठेवलेला कॅमेरा आणि न हलणारा नेपथ्याचा दिवाणखाना असेल, तर तेवढ्यात भागतं. लग्नाच्या वरातीला भागत नाही. बँड, फुलबाजे, नाचणारी पन्नास माणसं आणि हलता कॅमेरा असला की चित्राचे चौकोन पडतात. ‘सगळं एकाच डिस्कवर बसवा’ म्हणणाऱ्या यजमानाला हे पटवणं कठीण. त्याहून कठीण दुसरा प्रश्न : ७०० एमबीची फाइल चार जीबीची झाली, मग चित्र आणखी स्वच्छ का नाही झालं? फाइल फुगते ती प्लेअरच्या सोयीसाठी; गेलेला तपशील परत येत नाही. जुन्या मोबाइलची थ्रीजीपी क्लिप १७६ बाय १४४ ठिपक्यांची असे. टीव्हीवर तिला सोळापटीहून जास्त जागा भरावी लागायची, आणि नातवाच्या चेहऱ्याचे ठोकळे व्हायचे.

दोन गोष्टी मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरच्या मदत-पानावर आपल्या माणसासाठी लिहिलेल्या नव्हत्या. पहिली फील्ड ऑर्डर. जुना टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे दोन फील्डमध्ये, काढायचा, आधी विषम रेषा, मग सम, किंवा उलट. मिनी-डीव्ही कॅमेरा खालचं फील्ड आधी देतो. कन्व्हर्ट करताना ‘वरचं आधी’ असं चुकून निवडलं गेलं, की हालचाल पुढे-मागे थरथरत जायची. मंगलाष्टकं संपून अक्षता उडाल्या की अख्खा मांडव शहारल्यासारखा दिसायचा. गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर हे नीट कळायचंच नाही. म्हणून जाणता दुकानदार एक छोटा जुना रंगीत टीव्ही आणि स्वस्त प्लेअर शेजारी ठेवायचा आणि पहिली प्रत त्यावर पाहिल्याशिवाय पुढच्या प्रती काढायचा नाही. ज्यांच्याकडे असा टीव्ही नव्हता त्यांच्या डिस्क परत यायच्या.

दुसरी गोष्ट देवनागरीची. शिरोरेषा म्हणजे आडवी बारीक रेघ. ती एकाच ठिपक्याच्या जाडीची असली तर दोनपैकी एकाच फील्डमध्ये येते आणि सेकंदाला पंचवीस वेळा लुकलुकते. ‘शुभविवाह’ या अक्षरांचं डोकं दिव्यासारखं फडफडायचं, खालचे उभे दांडे मात्र स्थिर. इंग्रजीत शीर्षकं करणाऱ्याला हा त्रास एवढा कधी जाणवलाच नसेल. उपाय साधा होता, जाड फाँट घ्यायचा आणि थोडा धूसर करायचा. शिवाय जुने टीव्ही चित्राच्या कडा कापायचे, त्यामुळे तळाशी लिहिलेली गावाची नावं अर्धी गायब. कडेपासून दहा टक्के जागा सोडायची, हे लग्नाचे व्हिडिओ करणारे हळूहळू शिकले. त्यांना मी आजही टीव्ही चॅनेलच्या ग्राफिक्सवाल्यांपेक्षा कमी मानत नाही.

अमेरिकेला पाठवायच्या डिस्कची कथा निराळी. तिथे एनटीएससी, म्हणजे ७२० बाय ४८० आणि सेकंदाला जवळजवळ तीस फ्रेम. आपल्याकडचे प्लेअर बहुधा दोन्ही चालवायचे, तिकडचे अनेक प्लेअर पाल नाकारायचे. नागपुरातलं लग्न न्यू जर्सीच्या मावशीला दाखवायचं तर पुन्हा सगळं कन्व्हर्ट करा, नाहीतर ‘लॅपटॉपवर व्हीएलसीत बघ’ असं फोनवर सांगा. बहुतेकांनी दुसरा मार्ग धरला.

मग प्लेअरच शिकले. किस या डॅनिश कंपनीने डिव्हएक्स चालवणारा प्लेअर काढला आणि मागोमाग मीडियाटेकच्या चिपवर चालणारे स्वस्त प्लेअर एव्हीआय वाचू लागले. पुढे यूएसबीचं भोक आलं. पेन ड्राइव्ह लावा आणि पाहा. तरी पूर्ण सुटका नव्हतीच. एक्सव्हिडमधल्या काही जादा सोयी वापरलेली फाइल अडायची, एमकेव्ही चालायचीच नाही, फायलीचं नाव मराठीत असेल तर चौकोन दिसायचे. पण रात्रभराचं काम संपलं. २०१२च्या विंडोज ८मधून डीव्हीडी मेकर गेला आणि डीव्हीडी चालवायची सोयही. २०१६ला स्वस्त इंटरनेट घेऊन जिओ आलं, २०१८ला मोझर बेअर दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात निघाली.

आता उलटा प्रवास करायची वेळ आहे. घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. उन्हाने, दमटपणाने आणि वयाने तो खराब होतो. छापून आलेल्या सिनेमाच्या डिस्कपेक्षा त्याचं आयुष्य बेभरवशाचं. तेव्हा लग्नाची, मुंजीची, आजीच्या पंचाहत्तरीची डीव्हीडी कपाटात असेल तर ती याच महिन्यात बाहेर काढा. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला जुना कॉम्प्युटर शोधा, नाहीतर यूएसबीवर चालणारा विकत घ्या. ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवा. घरच्या डिस्कवर कुलूप नसतं, साधं कॉपी-पेस्ट चालतं. एकच फाइल हवी असेल तर मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने काढा, त्यात चित्राला धक्का लागत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासाठी एमपी४ची वेगळी प्रत करा, पण त्यापायी मूळ फोल्डर पुसू नका. आणि तो दोन ठिकाणी ठेवा.