पित्तमार्गातील अडथळा आणि सोनोग्राफी

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून रक्तात बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचे प्रमाण वाढल्याचे ते लक्षण आहे. तांबड्या पेशींच्या विघटनातून तयार होणारे हे द्रव्य यकृत पित्तामध्ये सोडते आणि ते पित्त यकृतातील बारीक नलिकांतून मुख्य पित्तनलिकेत व तिथून लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, उतरते. यकृताच्या पेशीच विषाणूने किंवा औषधाने आजारी पडल्या तर कावीळ होते, तशीच पेशी धडधाकट असूनही पुढची वाट बंद झाली तरी होते; या दुसऱ्या प्रकाराला अवरोधी कावीळ म्हणतात. गडद लघवी, मातकट पांढरे शौच आणि अंगभर खाज ही तिची लक्षणे असली, तरी यकृतदाहातही ती कधीकधी दिसतात, आणि उपचार मात्र पूर्णपणे वेगळे असतात. म्हणूनच रक्ततपासणीपाठोपाठ पहिली प्रतिमा-तपासणी म्हणून सोनोग्राफी केली जाते.

या यंत्राचे पित्तखड्यांशी नाते फार जुने आहे. गर्भाच्या तपासणीशी त्याचे नाव कायमचे जोडले जाण्याआधी, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग यांनी ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून ऊतींमधील पित्तखडे ओळखता येतात का, याचे प्रयोग केले आणि १९४९ मध्ये त्यांचा अहवाल सादर केला. मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, हे आजही प्रत्येक यंत्रात गृहीत धरले जाते. पोटाच्या तपासणीचा प्रोब सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून पडद्यावर त्या बिंदूची खोली ठरते. द्रव पदार्थ काळा दिसतो. खडा पांढरा चमकतो आणि ध्वनी अडवत असल्याने त्याच्यामागे काळी सावली पडते.

तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो तो नलिका फुगल्या आहेत का, हा. मुख्य पित्तनलिकेचा व्यास प्रौढांत सर्वसाधारणपणे ६ मिलिमीटरपर्यंत असतो. वाढत्या वयात, तसेच पित्ताशय काढलेल्या व्यक्तीत, तो अडथळ्याविनाही थोडा अधिक असू शकतो, त्यामुळे आकडा एकटा वाचून चालत नाही. यकृतातील नलिका एरवी जेमतेम दिसतात, पण फुगल्या की शेजारच्या रक्तवाहिनीला समांतर अशा दुनळी बंदुकीच्या नळ्यांसारख्या दिसू लागतात. त्यांतील रक्तवाहिनी कोणती आणि पित्तनलिका कोणती, हे डॉप्लर तंत्राने ठरते, कारण प्रवाहाचा रंग रक्तवाहिनीतच उमटतो. मात्र अडथळा नुकताच झाला असेल तर नलिका फुगायला वेळ लागतो, आणि पहिल्या दिवशीची सामान्य सोनोग्राफी फसवी ठरू शकते.

दुसरा प्रश्न जागेचा. यकृताच्या आतल्या नलिका फुगलेल्या पण पित्ताशय आकसलेले असेल, तर अडथळा बहुधा उजवी-डावी नलिका एकत्र येतात त्या संगमापाशी असतो, आणि तिथे होणाऱ्या कर्करोगाला गेराल्ड क्लॅटस्किन यांचे नाव आहे. पित्ताशयही टम्म फुगलेले असेल तर अडथळा खाली आहे. स्विस शल्यचिकित्सक कुर्व्हाझिए यांनी १८९० मध्ये नोंदवलेले निरीक्षण येथे उपयोगी पडते: वारंवार खड्यांचा त्रास झालेले पित्ताशय आखडून गेलेले असते, म्हणून कावीळ असताना ते फुगलेले आढळले तर खड्याऐवजी स्वादुपिंडाच्या शीर्षाची किंवा नलिकेच्या मुखाची गाठ आधी मनात यावी. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दोन्ही एकदम फुगलेल्या दिसल्या तर हा संशय बळावतो. अर्थात या नियमाला अपवाद आहेत.

खरी कसोटी तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे कारणावर, लागते. पित्ताशयातील खडे ओळखण्यात सोनोग्राफीचा हात क्वचितच कोणी धरेल. पण तोच खडा निसटून मुख्य नलिकेच्या खालच्या टोकाशी अडकला की परिस्थिती पालटते, कारण हे टोक ड्युओडेनमच्या मागे दडलेले असते आणि आतड्यातील वायू ध्वनीला पुढे जाऊच देत नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात मुख्य नलिकेतील खड्यांबाबत सोनोग्राफीची संवेदनशीलता सुमारे ७३ टक्के आढळली, म्हणजे खडा असलेल्या शंभरांपैकी सत्तावीस जणांत तो दिसला नाही. रुग्णाला कुशीवर वळवणे, पाणी पाजणे, प्रोबने वायू हलकेच बाजूला दाबणे या युक्त्यांनी अनुभवी हात त्यातला काही भाग भरून काढतात. उपाशीपोटी येण्याचा आग्रहही यासाठीच असतो: सहा ते आठ तासांच्या उपासाने पित्ताशय भरलेले राहते आणि वायू कमी होतो. क्वचित नलिकेत नळीतल्या नळीसारखा दिसणारा जंत आढळतो, आणि तो पडद्यावर वळवळला तर निदानाला आणखी पुराव्याची गरज उरत नाही. एमआरसीपी, म्हणजे पित्तमार्गाचे चुंबकीय चित्रण, आणि एंडोस्कोपीतून केली जाणारी सोनोग्राफी या तपासण्या उरलेली कोडी सोडवतात. पण त्या कोणाला हव्यात हे बहुतेक वेळा साधी सोनोग्राफीच सांगते, आणि हेच तिचे मोठे काम आहे.

माळ घालून कावीळ उतरवण्याची प्रथा महाराष्ट्रात अजून टिकून आहे. विषाणुजन्य कावीळ बहुधा आपोआप ओसरते, म्हणून या प्रथेला यशाचे श्रेय मिळते. अवरोधी काविळीत मात्र त्या प्रतीक्षेत शस्त्रक्रियेने बरी होऊ शकणारी गाठ पुढे सरकते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘खालची नलिका वायूमुळे दिसली नाही’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ ‘खडा नाही’ असा घेऊ नये, डॉक्टरांना पुढील तपासणीबद्दल अवश्य विचारावे. आणि काविळीबरोबर थंडी वाजून ताप व पोटात दुखणे सुरू झाले, तर ते तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.